मित्स्पे रामोनचे आकाश आणि आपले शब्द



दिमोना, येरुहाम, बेएर शेवा इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना मित्स्पे रामोन हे नाव नवीन नाही. एलातला जाताना बस तिथे थांबते, कॉफी होते, कड्यावर उभे राहून खाली बघितले की तोंडातून "बाप रे!" निघते, फोटो होतो आणि आपण पुढे निघतो. पण हे गाव खरे रात्रीचे बघायचे. मी इतकी वर्षे नेगेवमध्ये राहते, तरी ते रात्रीचे मी पहिल्यांदा २०२२ सालच्या हनुक्कात बघितले. त्या रात्रीबद्दल, आणि त्याहून जास्त त्या रात्री निघालेल्या आपल्या मराठी शब्दांबद्दल, आज लिहिते आहे. ज्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही त्यांना आजी-आजोबांनी हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती. शेवटी मुलांसाठी शब्दांची यादी दिली आहे.

उखळ आणि टेहळणी

आधी जागेची माहिती सांगते. बेएर शेवाहून दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर हे गाव एका प्रचंड खळग्याच्या काठावर वसले आहे. खळगा सुमारे ४० किलोमीटर लांब आहे, रुंदी कुठे २ तर कुठे १० किलोमीटर, आणि खोली सुमारे ५०० मीटर. हिब्रूत त्याला मख्तेश म्हणतात. मख्तेश म्हणजे आपले उखळ! मसाला कुटायचे, पोहे कांडायचे, तेच.

आमच्या मिनीबसमधल्या मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, हा खड्डा आकाशातून दगड पडून झाला का?" नाही. इथे वर कठीण चुनखडक होता आणि खाली मऊ वालुकाश्म. पाण्याने वाट काढली आणि मऊ दगड लाखो वर्षांत वाहून गेला, म्हणून उखळासारखी खोलगट जागा राहिली. आकाशातून दगड पडून झालेला खड्डा बघायचा असेल तर महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जायला हवे. तिथला गोल खळगा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आहे आणि तो अशनी आदळून काळ्या कातळात तयार झालेला आहे. अशनी म्हणजे आकाशातून जमिनीपर्यंत पोचलेला दगड. वाटेतच जळून जाते ती उल्का. आमच्या लहानपणी आम्ही "तारा तुटला" म्हणायचो. हिब्रूत मुले "कोखाव नोफेल" म्हणतात, म्हणजे पडणारा तारा. खरे तर तो तारा नसतोच, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा खडा असतो.

आता मित्स्पे या शब्दाचे बघा. मित्स्पे म्हणजे जिथून नजर ठेवता येते अशी उंच जागा, टेहळणीची जागा. आणि "मित्स्पे कोखावीम" म्हणजे वेधशाळा. गावापासून सुमारे ५ किलोमीटरवर तेल अवीव विद्यापीठाची वाईज वेधशाळा आहे. ती १९७१ साली सुरू झाली. तिथल्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा १ मीटर व्यासाचा आहे. मीही १९७१ सालीच या देशात आले, त्यामुळे ते साल माझ्या पक्के लक्षात राहिले. २०१७ साली रामोनच्या या परिसराला आंतरराष्ट्रीय संस्थेकडून "अंधाऱ्या आकाशाचे उद्यान" असा मान मिळाला. मध्यपूर्वेत असा मान मिळालेली ही पहिली जागा. अंधारालाही कधी बक्षीस मिळेल असे आमच्या पिढीला वाटले नव्हते. आमच्या गावी अंधार फुकट होता, रॉकेल मात्र पैसे देऊन आणावे लागे.

कड्याजवळच्या केंद्रात इलान रामोन यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन आहे. मुलांनो, हे आपल्या देशाचे पहिले अंतराळवीर. त्यांचे कोलंबिया यान १६ जानेवारी २००३ रोजी निघाले आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना तुटून सातही जण गेले. त्याच यानात भारतात, हरियाणातल्या कर्नालला जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. आम्हा भारतातून आलेल्यांच्या घरी त्या शनिवारी दोन्हीकडचा शोक झाला. खळग्याचे रामोन हे नाव मात्र त्यांच्यावरून पडलेले नाही, ते आधीपासूनचे आहे.

हनुक्कातच का गेलो

मतनासच्या ज्येष्ठ मंडळाने ही सहल काढली तेव्हा काहींनी तक्रार केली, "एवढ्या थंडीत कशाला? उन्हाळ्यात जाऊ." पण हनुक्काचे गणित सोयीचे आहे. हनुक्का किसलेवच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ दिवस चालतो, म्हणजे मध्ये तेवेतचा रोश होदेश येतोच. रोश होदेश म्हणजे नवा चंद्र, त्याच्या आदल्या रात्री आपली अवस. दर वर्षी हनुक्काच्या मधल्या-शेवटच्या रात्री काळोख्या असतात. शिवाय मुलांना शाळेची सुट्टी असते. चंद्र नको, मुले हवीत, असा मुहूर्त दुसरा नाही. आम्ही २१ डिसेंबरला गेलो, अवस दोन दिवसांवर होती.

पेसाह आणि सुक्कोथ हे सण मात्र पौर्णिमेचे. त्या रात्री पिठूर चांदणे पडते, पण तारे फिके होतात. चांदणे म्हणजे चंद्राचा उजेड आणि चांदणी म्हणजे तारा, हा फरक मुलांना सांगावा लागतो.

मी नर्स, त्यामुळे डोळ्यांबद्दल चार गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उजेडातून अंधारात आले की डोळ्याला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. या वेळात कोणी मोबाईल उघडला की सगळ्यांचे सरावलेले डोळे पुन्हा पहिल्यावर. म्हणून बॅटरीला लाल जिलेटीन कागद बांधावा. अंधारात बघणाऱ्या पेशी लाल उजेडाने फारशा विचलित होत नाहीत. दुसरे, अगदी मंद तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे रोखून बघू नये, जरा बाजूला नजर ठेवावी. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध अंधारातल्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. तिसरे, ज्येष्ठांनी दोन पायमोजे, कानटोपी आणि टेकायला खुर्ची न्यावी. मान वर करून उभे राहिले की चक्कर येते. आमच्या मंडळाने खुर्च्या नेल्या होत्या, थर्मासमधून चहा आणि डब्यातून करंज्याही.

तिकांडं

रात्री साडेआठच्या सुमारास आम्ही गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन बसलो. सुरुवातीला मुले म्हणाली, काहीच दिसत नाही. पंधरा मिनिटांनी कोणी काही बोलेना. आकाशगंगा पांढऱ्या धुरासारखी दिसायला लागली होती. हिब्रूत ती "श्वील हाहालाव", दुधाची पायवाट. आपल्याकडे ती नदी आहे, इकडे पायवाट आहे. उत्तरेला क्षितिजावर बेएर शेवाच्या दिव्यांची पिवळट झाक होती, पण डोक्यावर काळेभोर.

आमच्यात ८८ वर्षांचे एक काका होते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या गावचे. तरुणपणी घरचा तेलाचा घाणा आणि थोडी भातशेती, पुढे इकडे येऊन कारखान्यात नोकरी. शाळा चौथीपर्यंत. डोळ्यांच्या मधल्या पडद्याचा आजार होता, समोरच्याचा चेहरा ओळखता येत नसे, आवाजावरून ओळखायचे. त्यांना बसमध्ये घ्यावे की नाही यावरही बोलणे झाले होते. "काकांना काय दिसणार तिथे?" असे एकदोघांनी म्हटले. काका म्हणाले, "मला उगवतीकडे तोंड करून बसवा, पुढचं मी बघतो."

त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवले. ते म्हणाले, "आता तिकांडं वर आलं असेल. तीन चांदण्या एका रेषेत. आली का पोरांनो?" पोरांनी मराठी प्रश्न समजून घेतला, तीन चांदण्या शोधल्या आणि ओरडली, "केन, केन!" काका म्हणाले, "त्या तिघींची रेघ तशीच खाली नेली की मोठा चकचकीत तारा लागेल. तो व्याध." तोही सापडला.

तिकांडं हा शब्द मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. पुस्तकी नाव मृग नक्षत्र. अलिबागच्या शाळेत मास्तरांनी शिकवलेली गोष्ट मला येत होती ती मी मुलांना सांगितली. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे चार पाय, मधले तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण आणि मागून येणारा व्याध म्हणजे शिकारी. त्या बाणाला त्रिकांड म्हणजे तीन पेरांचा बाण म्हणतात, त्याचेच खेड्यात तिकांडं झाले. शाळेचा शब्द माझ्याकडे होता, शेताचा शब्द काकांकडे.

एका मुलीने विचारले, "पण आजी, तू तर म्हणतेस मृग पावसात येतो. मग तो आता थंडीत कसा?" हा प्रश्न चांगला होता. कोकणात ७-८ जूनला "मृग लागला" म्हणतात आणि भाताची पेरणी होते. त्या दिवसांत सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणून ते तारे सूर्याच्या उजेडात लपतात, रात्री दिसतच नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या पलीकडच्या बाजूला जातो तेव्हा मृग रात्रभर दिसतो. म्हणजे शेतकरी मृगाचे नाव घेतो तेव्हा तो दिसत नसतो, आणि दिसतो तेव्हा शेतात काही काम नसते.

व्याधाचा उजेड इथे पोचायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. त्या मुलीचे वय तेवढेच होते. मी तिला सांगितले, "तू जन्मलीस त्या सुमारास निघालेला उजेड आता तुझ्या डोळ्यात आला." मृगाच्या वरच्या बाजूला तांबूस रोहिणी असते, तिचा उजेड सुमारे ६५ वर्षांचा. त्या रात्री काकांच्या अंगावर पडलेला रोहिणीचा उजेड १९५७च्या आसपास निघालेला होता. काका तेव्हा कोकणात बैल हाकत होते. या अंतराला मराठीत प्रकाशवर्ष म्हणतात, हिब्रूत "श्नात ओर". शब्द बरोबर तोच.

कीमा, सुरैया आणि कृत्तिका

रोहिणीच्या वर चांदण्यांचा एक लहान पुंजका असतो. त्या कृत्तिका. धडधाकट डोळ्यांना सहा दिसतात. हिब्रूत त्यांना "कीमा" म्हणतात. हे ऐकून आमच्या बायका हसायला लागल्या, कारण आपल्या घरी खिमा पाव मुलांना फार आवडतो! आणि मृगाला "केसील". केसीलचा दुसरा अर्थ मूर्ख, त्यावर मुले हसली.

पण हे शब्द फार जुने आहेत. इयोबाच्या पुस्तकात आणि आमोस नबीच्या पुस्तकात कीमा आणि केसील ही नावे आली आहेत. आणि मराठी बायबलमध्ये त्या जागी कृत्तिका आणि मृगशीर्ष असे शब्द घातले आहेत. म्हणजे ज्याने कोणी ते मराठीत आणले त्याने रात्री वर बघून, इकडचा पुंजका तिकडच्या पुंजक्याशी जुळवला असणार. आपल्याला हे दोन्ही शब्द मिळाले, कोणताच टाकायची गरज नाही.

अरबीत याच पुंजक्याला सुरैया म्हणतात. हे मी सांगितले तेव्हा ज्येष्ठ मंडळी एकदम जागी झाली. सुरैया! ती सिनेमातली, गाणारी सुरैया! तिचे नाव या चांदण्यांचे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. पुढची दहा मिनिटे आकाश बाजूला राहिले आणि मुंबईची सिनेमा थिएटरे चर्चेला आली.

शनिवार आणि शब्बाथ

ग्रहांची नावे मुलांना शाळेत हिब्रूत शिकवलेली असतात. त्या रात्री आभाळात मंगळ लालबुंद होऊन वृषभ राशीत बसला होता. त्याला हिब्रूत "मादीम" म्हणतात, आदोम म्हणजे लाल, त्यावरून. आपल्याकडे त्याला अंगारक असेही नाव आहे, म्हणजे निखाऱ्यासारखा. शुक्राचा संस्कृतातला अर्थ तेजस्वी, आणि हिब्रू "नोगा"चाही अर्थ तेजच. बुध सूर्याला सोडून लांब जात नाही, म्हणून तो "कोखाव हामा", सूर्याचा तारा. गुरू म्हणजे "त्सेदेक", न्याय.

आणि शनी? तो "शाब्ताई". शाब्ताई आणि शब्बाथ हे एकाच कुळातले शब्द, जसे शनी आणि शनिवार. दोन्ही भाषांनी या ग्रहाला एकाच दिवसाशी बांधले. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. एका ग्रहाच्या नावात आपला शब्बाथ, आपला वार आणि आपला धंदा तिन्ही आले.

युरेनस आणि नेपच्यून यांना हिब्रू नावे नव्हती. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष होते, त्या वर्षी हिब्रू भाषा अकादमीने लोकांची मते मागवून नावे ठरवली, युरेनसला "ओरोन" आणि नेपच्यूनला "राहाव". ओरोनमध्ये ओर म्हणजे उजेड आहे, राहाव हे समुद्राशी जोडलेले जुने नाव आहे. मराठीत नेपच्यूनला वरुण म्हणतात, तोही पाण्याचा. भाषा जिवंत असली की ती नवीन वस्तूला आपले नाव देते. मराठीनेही धूमकेतू, दुर्बीण, वेधशाळा असे शब्द केले किंवा आपलेसे केले. खेड्यात धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत, कारण त्याला शेंडी असते.

राशींबद्दल एकच सांगते. "मझाल तोव" आपण लग्नात, बारशाला म्हणतो. मझालचा मूळ अर्थ आकाशातली रास किंवा ग्रहतारा. आणि कर्क रास हिब्रूत "सार्तान", म्हणजे खेकडा. मी तीस वर्षे ज्या वॉर्डात काम केले त्यातल्या बऱ्याच केस पेपरांवर हाच शब्द असे. मराठीत कर्करोग, इंग्रजीत कॅन्सर, हिब्रूत सार्तान, सगळीकडे तोच खेकडा. गाठीच्या भोवती पसरलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या वाटल्या, तेव्हापासून हे नाव चालत आले. आजार सांगताना काही आजी घाबरून हिब्रू शब्द नको म्हणायच्या, मराठीत सांग म्हणायच्या. दुखण्याचे नाव आपल्या भाषेत ऐकले की माणूस निदान नीट प्रश्न तरी विचारतो. हे मी वॉर्डात पुष्कळदा बघितले आहे.

ध्रुव वर गेला, अगस्ती खाली आला

आता त्या रात्रीची मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ती करून बघायला दुर्बीण लागत नाही, फक्त हाताची मूठ लागते.

हात पुढे ताठ धरून मूठ वळली तर ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. मुलांची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब तोच राहतो. आम्ही उत्तरेकडे वळलो. सप्तर्षी अजून वर आले नव्हते, म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधला. शर्मिष्ठा म्हणजे इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत गेलो. ध्रुव तीन मुठींवर निघाला. ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचे अक्षांश. मित्स्पे रामोन ३०½ अंशांवर आहे, म्हणून तीन मुठी. अलिबाग १८½ अंशांवर आहे, तिथे तो दोन मुठींनाही थोडा कमीच असतो.

काका ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आम्ही आलो आणि ध्रुव वर गेला?" हो, अगदी तसेच. आपण उत्तरेला आलो, तो वर चढला. लोक म्हणतात ध्रुव अढळ आहे. तो जागेवर आहेच, पण आपण घर बदलले की त्याची उंची बदलते.

आणि जो वर गेला त्याच्या बदल्यात दुसरा खाली आला. दक्षिणेकडे अगस्ती नावाचा तारा आहे, व्याधाच्या खालोखाल सगळ्यात तेजस्वी. कोकणातून तो जवळजवळ दोन मुठी वर चढतो, सहज दिसतो. पावसाळा संपत आला की पहाटे अगस्ती उगवतो आणि पाणी निवळते असे आपल्याकडे म्हणतात. अरब लोक त्याला सुहैल म्हणतात आणि तो पहाटे दिसला की कडक उन्हाळा सरला असे धरतात. मित्स्पे रामोनहून तो एक मूठसुद्धा वर येत नाही, फक्त साडेसहा अंशांच्या आसपास. मध्यरात्रीच्या आधी थोडा वेळ मख्तेशच्या पलीकडच्या कडेवर तो टेकल्यासारखा दिसला. तोवर अर्धी मुले पांघरुणात झोपली होती, पण जी जागी होती त्यांनी बघितला. ईशान्येला सप्तर्षीही वर येत होते. काकांनी त्याचे नाव सांगितले बाजलं. चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे खाट चोरायला आलेले चोर. इकडे त्याच ताऱ्यांना "आगाला ग्दोला", मोठी गाडी म्हणतात.

आपण किती लांब आलो ते विमानाच्या तिकिटावर किलोमीटरमध्ये लिहिलेले असते. मला ते आकडे कधी कळले नाहीत. पण एक मूठ आणि वर दोन बोटे ध्रुव वर, तेवढाच अगस्ती खाली, हे कळले. बाकी सगळे तारे तेच आहेत. कोकणात मृग माथ्यावर आला की सुमारे अडीच तासांनी तो आपल्या माथ्यावर येतो. तिकडे आपले जे कोणी उरले आहेत ते आधी बघतात, मग आपण.

काकांनी त्या रात्री काही बघितले का, असे पुष्कळांनी मला नंतर विचारले. मी त्यांना सांगितले होते, "काका, व्याधाकडे सरळ बघू नका, डावीकडे बघा." कडेची नजर त्यांची थोडी शाबूत होती. बराच वेळ मान हलवून झाल्यावर ते म्हणाले, "हाय. लुकलुकतोय." मग पुष्कळ वेळ तसेच बसले.

वही

परत येताना बसमध्ये मी माझ्या औषधांच्या वहीत काकांचे शब्द लिहून घेतले. तिकांडं, बाजलं, शेंडेनक्षत्र, उगवती, मावळती, अवस, पिठूर चांदणं, चंद्राला पडते ते खळं. आठ शब्द झाले. नंतर त्यांच्या घरी दोनदा गेले आणि अजून विचारले. काका २०२४ साली वारले. त्यांच्या मुलांना मराठी समजते, बोलता थोडे येते, पण हे शब्द त्यांनाही माहीत नव्हते. विचारण्याची वेळच आली नसेल. कारखान्यातून दमून आलेला बाप मुलाला तिकांडं कशाला दाखवेल? शिवाय दिमोनात रस्त्यावरचे दिवे इतके की दाखवायला तिकांडं दिसलेही पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. आपली भाषा मुलांना शिकवायची म्हणून आपण त्यांना पुस्तके देतो, ती कपाटात राहतात. वाटाणे, कोथिंबीर, चपाती हे शब्द स्वयंपाकघरात टिकले, कारण ती वस्तू रोज समोर येते. तारेही रोज समोर येतात, भाडे नाही, व्हिसा नाही. जी वस्तू बोट करून दाखवता येते तिचे नाव मुलांच्या लक्षात राहते. पण दाखवणारा जिवंत असेपर्यंतच.

शब्बाथ संपताना आपण तीन चांदण्या बघायचो. लहानपणी आमच्या इस्राएल आळीत सगळी मुले अंगणात माना वर करून उभी राहायची आणि आई चूल पेटवायला थांबलेली असायची. पहिली ठळक चांदणी शुक्राची असली तर मोठी माणसे म्हणायची, ती धरायची नाही, तो ग्रह. आता वेळ कॅलेंडरात छापून येते, फोनवर येते. वेळ बरोबर असते, पण वर कोणी बघत नाही. येत्या शनिवारी फोन बाजूला ठेवून मुलांना गच्चीवर न्या आणि तीन चांदण्या मराठीत मोजायला लावा. एक, दोन, तीन. एवढे तरी प्रत्येकाला जमेल.

मुलांसाठी शब्द (आधी मराठी, मग हिब्रू)

तारा, चांदणी – कोखाव
ग्रह – कोखाव लेखेत (चालणारा तारा)
चंद्र – यारेआह, लेवाना
चंद्रकोर – साहार
आकाशगंगा – श्वील हाहालाव
ध्रुव – कोखाव हात्साफोन (उत्तरेचा तारा)
सप्तर्षी, बाजलं – आगाला ग्दोला
मृग, तिकांडं – केसील
कृत्तिका – कीमा
मंगळ – मादीम
शुक्र – नोगा
गुरू – त्सेदेक
शनी – शाब्ताई
धूमकेतू, शेंडेनक्षत्र – कोखाव शावीत
वेधशाळा – मित्स्पे कोखावीम

यादीतला शेवटचा शब्द जरा समजावून सांगते. वेध म्हणजे नेमके निरीक्षण. आमच्या अलिबागलाही वेधशाळा आहे, १९०४ सालापासूनची. ती ताऱ्यांची नाही, पृथ्वीच्या चुंबकत्वाची, पण लहानपणी मला वेधशाळा हा शब्द तिथूनच कळला. मराठीत "वेध लागले" असेही म्हणतात, म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ लागली, वाट बघणे सुरू झाले. सणाचे वेध लागतात, माहेरचे वेध लागतात. हिब्रूतही मित्स्पेच्याच धातूपासून वाट बघण्याचा, अपेक्षा करण्याचा शब्द निघतो, "लेत्सापोत". दोन इतक्या लांबच्या भाषा, पण लक्ष देऊन बघणे आणि वाट बघणे यांचे नाते दोघींनाही सापडले.

ज्यांच्या आठवणीत चंद्र-ताऱ्यांचे, पावसाचे, वाऱ्याचे आपल्या गावचे शब्द असतील त्यांनी ते कागदावर लिहून या पत्रिकेकडे पाठवावेत. हिब्रू अक्षरांत लिहिले तरी चालेल. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. गावाचे नाव मात्र जरूर घालावे.